वैताग आणि वैराग्य

शास्त्रचर्चेत आपण जन्ममरणाच्या दुःखाचा विचार करतो. जीवाचे अनादि अविद्येने झालेले बंधन, कर्माचे सुखदुःखात्मक फळ, त्यातून सुटण्याचा एकमेव उपाय म्हणजे परमेश्वराचे ज्ञान आणि अनुसरण, हे सर्व विषय साधकाच्या नित्य चिंतनातील आहेत. परंतु माणूस दिवसभरात जन्ममरणाच्या दुःखाने जितका व्याकुळ होतो, त्याहून किती तरी अधिक वेळा तो क्षुल्लक अडचणींनी त्रासलेला असतो. गाडी चुकली, वीज गेली, कागद परत आला, ज्याने येतो म्हटले तो आला नाही. या त्रासाला आपल्या भाषेत 'वैताग' हा शब्द आहे. शास्त्राच्या दृष्टीने हा विषय उपेक्षणीय आहे असे वरवर वाटते. तथापि मनुष्याच्या आयुष्याचा फार मोठा भाग या वैतागातच खर्च होत असल्यामुळे त्याचे स्वरूप जाणून घेणे साधकास आवश्यक आहे.

'वैताग' या शब्दाच्या अर्थाची दुसरी एक बाजूही विचारणीय आहे. त्रास होणे एवढाच त्याचा अर्थ नाही. 'तो वैताग घेऊन निघून गेला' असेही आपण म्हणतो. म्हणजे त्रासून घरदार सोडणे हाही अर्थ त्यात आहे. यावरून सहजच प्रश्न उत्पन्न होतो : संसाराचा वैताग ही वैराग्याची पहिली पायरी मानावी काय? ज्याला घराचा, कामाचा, माणसांचा वीट आला तो अनुसरणास पात्र झाला असे समजावे काय? हा प्रश्न माझ्यापुढे पोथीतून आला नाही. एका वासनिकाच्या ओसरीवर आला. तो प्रसंग प्रथम सांगतो.

अकोल्याहून पातूरमार्गे वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मालेगाव तालुक्यात, मेडशी हे गाव आहे. सन 2024 च्या पावसाळ्याच्या अखेरीस काही दिवस माझा तेथे मुक्काम होता. हा सारा मुलूख कोरडवाहू शेतीचा. पूर्वी ज्वारी आणि कापूस होता, आता बहुतेक शिवार सोयाबीन आणि तुरीचे. मी ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या घरातील तिशीतला मुलगा तीन दिवस माझ्याशी फारसे बोलला नाही. चौथ्या दिवशी सायंकाळचे स्मरण आटोपल्यावर तो जवळ येऊन बसला आणि दंडवत घालून म्हणाला, "बाबा, मले आता अनुसरायचं हाये. मले या घरात रायचं नाही. तुमच्यासंगं घेऊन चाला."

मी कारण विचारले. त्याने जे सांगितले त्यात एकही मोठे संकट नव्हते. लहानलहान अडचणींची मात्र लांबलचक माळ होती. पिकाची नोंद आता शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाईलवरून करावयाची असते. ई-पीक पाहणीची ही पद्धत आपल्या राज्यात 2021 पासून आली. नोंद करताना शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढावे लागते. त्याच्या शेतात रेंज येत नाही. तीन वेळा धुऱ्यावर चढून, एकदा झाडावर चढून त्याने प्रयत्न केला. पुढे पावसाचे पाणी शेतात साचले. विम्यासाठी अशा नुकसानीची सूचना तेव्हा 72 तासांच्या आत द्यावी लागे. त्या तीन दिवसांतील दोन दिवस गावात वीज नव्हती आणि मोबाईल बंद पडलेला होता. सूचना उशिरा गेली, दावा परत आला. राहिलेले सोयाबीन सोंगून, गंजी झाकून, काढून बाजारात नेले. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. सरकारी खरेदीसाठी दाण्यातील ओलावा 12 टक्क्यांच्या आत असावा लागे. पुढे नोव्हेंबरात ती मर्यादा 15 टक्के झाली, पण तोवर देणेकऱ्यांनी थांबावयास हवे होते. त्याने माल व्यापाऱ्याला हमीभावापेक्षा पुष्कळ कमी दराने दिला. घरी आल्यावर पत्नीने एवढेच विचारले, "किती आले?" त्या एका प्रश्नावर त्याने भरलेले ताट सारले. "बाबा, ताट सारलं तवाच मले समजलं का मी आता इथचा रायलो नाही," असे तो म्हणाला.

त्यानंतर मी जे केले त्याचा मला आजही संकोच वाटतो. उपदेश करण्याची आमची सवय फार जुनी असते. मी त्याला कर्मफळाचा विषय सांगू लागलो. जीवाने केलेल्या कर्माचे फळ त्याला देवतांकरवी भोगावे लागते, भोगल्यावाचून ते सरत नाही, म्हणून आलेले निमूटपणे सोसावे, असे मी बऱ्याच विस्ताराने बोललो. सिद्धांत खरा होता. मुलगा मान खाली घालून ऐकत होता. पण दाराआड बसून तूर निवडणारी त्याची वृद्ध आजी मध्येच म्हणाली, "बाबा, पाऊस देवाच्या हाती हाये, हे मले कबूल हाये. पण काटा तं मानसाच्या हाती हाये नं?"

या प्रश्नाने माझा उपदेश थांबला. रात्री झोप आली नाही. त्या आईने अक्षरशत्रू असूनही माझ्या विवेचनातील दोष नेमका दाखविला होता. मी भिन्न जातींची दुःखे एकत्र करून सर्वांना एकच औषध दिले होते.

तापाचे तीन प्रकार आपल्याकडे सर्वपरिचित आहेत : आधिदैविक, आधिभौतिक आणि आध्यात्मिक. मोठ्या दुःखांना लागू पडणारा हा विभाग दैनंदिन वैतागालाही तितकाच लागू पडतो. पाऊस फार आला किंवा आला नाही, पिकावर रोग पडला, हा आधिदैविक भाग झाला. येथे मनुष्याचा इलाज थोडा. जेवढा आहे तेवढा करून उरलेले सोसणे हेच विहित. वजनात फसवणूक झाली, अर्ज विनाकारण परत आला, नियम करणाऱ्याने शेतात रेंज येते की नाही हे पाहिले नाही, हा आधिभौतिक भाग झाला. याचे कारण दुसऱ्या माणसाचे वर्तन किंवा माणसाने केलेली व्यवस्था हे आहे. येथे सोसणे हा धर्म नव्हे. येथे विचारणे, दाद मागणे, चारजणांनी मिळून चूक दाखविणे हे विहित आहे. मात्र ते हिंसेवाचून आणि असत्यावाचून व्हावे. पत्नीने "किती आले?" म्हणून विचारताच ताट सारावेसे वाटणे, हा तिसरा, आध्यात्मिक भाग होय. त्याचे कारण ना पावसात आहे, ना बाजारात. ते आपल्या ठिकाणी आहे, आणि त्यावर विचार हाच उपाय आहे.

वैतागलेला माणूस या तिन्हींची सरमिसळ करतो, हे त्याच्या दुःखाचे खरे रहस्य होय. ज्याला दाद मागावयास हवी तेथे तो नशिबाला दोष देतो. जे सोसावयास हवे त्यावर चिडतो. आणि जे स्वतःमध्ये शोधावयास हवे त्यासाठी घरातील माणसाला जबाबदार धरतो. बाजारातील राग बाजारात बोलता येत नाही, म्हणून तो घरी ताटावर निघतो. काटा व्यापाऱ्याचा, आणि शिक्षा मात्र पत्नीला.

उपदेश करणारेही हीच सरमिसळ करतात. पश्चिम विदर्भाच्या संदर्भात तर हे फार जपून बोलण्याचे स्थळ आहे. सन 2006 मध्ये शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदतीची योजना जाहीर केली, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वर्धा यांच्याबरोबर वाशीमही होता. ज्या भूमीत ही गोष्ट घडली तेथे "सोसा" हा शब्द संन्याशाने सैल जिभेने उच्चारू नये. जो माणूस वैतागाच्याही पलीकडे जाऊन जगण्याविषयी निराशेचे बोलू लागतो, त्याला सिद्धांत ऐकविण्याची ती वेळ नव्हे. त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना सावध करावे, त्याचे ऐकून घ्यावे आणि त्याला वैद्याकडे न्यावे. मनाच्या अशा अवस्थेत साहाय्य करणारा 14416 हा शासकीय दूरध्वनी क्रमांकही आता आहे. तो वासनिकांना माहीत करून देणे यात आपल्या आचाराला कोणताही बाध येत नाही. आपल्या अहिंसेत मुंगीचाही जीव येतो. मग शेजारी बसलेल्या माणसाचा जीव तीत येत नाही काय?

आता तिसऱ्या भागाचा अधिक विचार करू. येथे अशी शंका येईल की, संसारी माणसाला वैताग होणे स्वाभाविक आहे. कारण त्याचे घर, शेत, देणे हे सारे त्याच्या मागे आहे. ज्याने हे टाकले त्या संन्याशाला वैताग कोठून होणार? याचे समाधान मी स्वतःच्या अनुभवाने देतो. भिक्षेला गेल्यावर एका घरी आदर होतो, दुसऱ्या घरी "पुढे जा" असे उत्तर मिळते. दोन्ही समान मानावीत असे आम्ही शिकलो, इतरांना शिकविले. पण दुसरे उत्तर पुढच्या चार घरांपर्यंत कानात राहते, हे प्रामाणिक भिक्षुकाने नाकारू नये. याहून मोठा प्रसंग माझ्या आयुष्यात आला तो असा. लीळाचरित्रातील शब्दांची एक सूची मी हाताने तयार करीत होतो. सुमारे चार वर्षांचे काम, लहान लहान चिठ्ठ्यांवर लिहिलेले, एका पेटीत ठेवलेले. मी अटनाला गेलो असता त्या पेटीला वाळवी लागली. परत आल्यावर झाकण उघडले तो आत माती होती. त्यानंतर तीन दिवस मी कोणाशी बोललो नाही. ज्या शिष्याकडे पेटी पाहण्याचे काम होते त्याचा दंडवत घेतला नाही. स्मरणाला बसलो, पण ते स्मरण नव्हते. मी डोळे मिटून वाळवीचेच चिंतन करीत होतो.

चौथ्या दिवशी मला ज्या ग्रंथाची सूची मी करीत होतो त्याच ग्रंथाचा इतिहास आठवला. स्वामींच्या उत्तरापंथे प्रयाणानंतर म्हाइंभटांनी गावोगावी हिंडून, ज्याने ज्याने स्वामींचे सान्निध्य अनुभवले त्याला त्याला विचारून लीळा गोळा केल्या, आणि नागदेवाचार्यांकडून त्या तपासून घेतल्या. पुढे देवगिरीच्या यादवांचे राज्य मोडले त्या धामधुमीत तो मूळ ग्रंथ नाहीसा झाला. माझी चार वर्षे गेली होती. तेथे साऱ्या मार्गाचा प्राण गेला होता. त्या वेळच्या साधकांनी काय केले? ज्याला जेवढे आठवत होते तेवढे त्याने पुन्हा सांगितले, पुन्हा लिहिले. आज लीळाचरित्राचे जे निरनिराळे पाठ दिसतात ते या पुनरुद्धारातून आले आहेत, आणि त्यांत हिराइसांच्या स्मरणातून आलेला पाठ प्रसिद्ध आहे. ज्यांनी हे केले त्यांना दुःख झाले नसेल असे नाही. परंतु 'माझे' गेले असे त्यांना वाटले नाही. स्वामींचे चरित्र राहिले पाहिजे असे वाटले. म्हणून त्यांचे दुःख कामात उतरले. माझे दुःख शिष्यावर उतरले, कारण ती सूची लीळाचरित्राची राहिली नव्हती, ती माझी झाली होती. घर टाकले, शेत टाकले, आणि एका पेटीभर चिठ्ठ्यांत मी माझा संसार पुन्हा मांडला होता.

यावरून वैतागाचे लक्षण निश्चित करता येईल. अडथळा हे वैतागाचे निमित्त होय. त्याचे कारण ममत्व होय. अडथळा केवढा यावर वैताग अवलंबून नसतो, तर त्या ठिकाणी आपण किती हक्क गाडून ठेवला होता यावर तो अवलंबून असतो. म्हणूनच मोठ्या संकटात धीराने वागणारा माणूस चहा थंड मिळाला म्हणून ओरडतो. या दृष्टीने वैताग उपयुक्तही आहे. 'हे माझे' अशी खूण आपण कोठे कोठे करून ठेवली आहे हे शांत असताना आपल्याला दिसत नाही. वैताग ती जागा दाखवितो. ज्या दिवशी ताट सारले गेले त्या दिवशी त्या मुलाला, पत्नीच्या दृष्टीत आपण यशस्वी असलेच पाहिजे हा स्वतःचा आग्रह दिसण्याची संधी होती. ती त्याने घर सोडण्याच्या विचारात घालविली.

दुसऱ्या दिवशी मी त्याला हे सांगितले. त्यावर त्याने जी शंका काढली ती पंडितालाही विचार करावयास लावणारी होती. तो म्हणाला, "बाबा, स्वामी बी तं असेच निंगाले होते नं?" त्याच्या मनात हरिपाळदेवाची लीळा होती. भडोचच्या प्रधानाचा पुत्र हरिपाळ द्यूतात हरतो, देणे भागविण्यासाठी पत्नी कमळाइसेजवळ अलंकार मागतो, ती देत नाही, तो उदास होतो आणि पुढे रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून घराबाहेर पडतो, हा वृत्तांत आपल्या सर्वांना ठाऊक आहे. देणे, पत्नीचा नकार, उदासीनता, गृहत्याग : मेडशीच्या त्या घरातील परिस्थितीशी याचे साम्य उघड आहे. मग एकाचे निघणे वंद्य आणि दुसऱ्याचे अग्राह्य का?

समाधान असे. प्रथम, परमेश्वराच्या अवताराची लीळा ही जीवाने स्मरण करण्यासाठी आहे, अनुकरण करण्यासाठी नव्हे. परमेश्वराचे निघणे हे त्याच्या प्रवृत्तीने होते. द्यूत आणि नकार ही तेथे केवळ निमित्ते आहेत. जीवाचे निघणे मात्र निमित्ताच्याच बळावर होते. निमित्त सरले की त्याचे निघणेही सरते. दुसरे, त्या लीळेकडे नीट पाहिले तर तीत वैतागाचे एकही चिन्ह आढळत नाही. वैतागलेला माणूस दार आपटून जातो. हरिपाळदेव पित्याची अनुज्ञा मागतात. पिता परमुलखातील धोक्यामुळे प्रथम नाही म्हणतो, तरी रागावून न जाता ते त्याचे मन वळवितात. बरोबर दिलेला परिवारही ते वाटेत हळूहळू मागे ठेवतात, आणि एकटे ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निध येतात. कमळाइसेला कटू शब्द बोलून तिला अपराधी ठरविण्याचा प्रकार तेथे नाही. वैताग कोणापासून तरी पळतो. त्या निघण्याचे मुख श्रीप्रभूंकडे होते.

येथे वैताग आणि वैराग्य यांतील भेद स्पष्ट होतो. वैताग मागे पाहत असतो. आपण गेल्यावर त्यांना कसे वाटेल याचे चित्र तो मनात रंगवितो. वैराग्याला असा प्रेक्षक नको असतो. वैताग हरल्यावर उत्पन्न होतो आणि थोडे जिंकताच नाहीसा होतो. वैराग्य जिंकलेल्या दिवशीही टिकते. वैताग एक वस्तू टाकून तिच्या जागी दुसरी धरतो, जशी मी घराच्या जागी पेटी धरली. म्हणूनच आपल्या मार्गात वेध आणि बोध यांच्यानंतर अनुसरण सांगितले आहे. नुसता वीट हा वेध नव्हे. वेध परमेश्वराचा असावा लागतो. संसाराचा कंटाळा त्याची जागा घेऊ शकत नाही.

मी त्या मुलाला एकच प्रश्न विचारला : "यंदा सोयाबीन सहा हजारानं गेलं असतं, तर तू अनुसरतो म्हणाला असतास का?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नाही, बाबा. तवा मी ट्रॅक्टर पायलं असतं." त्याच्या या प्रामाणिक उत्तराने मला आनंद झाला. मी त्याला सांगितले की वर्षभर थांब. नित्य स्मरण कर. जे दाद मागण्यासारखे आहे त्याची दाद माग, एकट्याने नव्हे, ज्यांचे ज्यांचे दावे परत आले त्या सर्वांना बरोबर घेऊन. घरी कोणी "किती आले?" म्हणून विचारले तर आकडा सांग, तो प्रश्न हिशेबाचा आहे, तुझ्या किमतीचा नाही. वर्षानंतरही ओढ असली तर अवश्य ये.

काही वासनिक विचारतील की, अनुसरणास आलेल्यास परत पाठविण्यात दोष नाही काय? दोष आहे, जर तो बोधाने आला असेल तर. परंतु वैतागाने आलेल्यास घाईने आत घेणे हा अधिक मोठा दोष होय. असा साधक आश्रमात येऊन तेथील अन्न, पाणी, वडीलधारी माणसे यांनी पुन्हा वैतागतो. आणि आता पळून जाण्यास जागा न उरल्यामुळे तो वैताग आयुष्यभर इतरांवर काढीत राहतो. असे वृद्ध भिक्षुक आपण पाहिले आहेत. त्यांना कोणी वेळीच थांब म्हटले नाही, हा त्यांचा अपराध नव्हे.

सन 2025 मध्ये मी पुन्हा मेडशीस गेलो. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये झाला होता, आणि तरीही त्या घरची परिस्थिती फारशी बदललेली नव्हती. सातआठ जणांनी मिळून दिलेल्या अर्जांपैकी दोघांना काही रक्कम मिळाली होती. त्यांत हा नव्हता. पत्नीने ताट वाढले, त्याने जेवून उचलले. अनुसरणाचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. निघताना दंडवत घालून त्याने विचारले, "बाबा, तुमची ते सूची झाली का पुरी?"

मी म्हणालो, "पुन्हा आरंभ केला आहे. 'ग' अक्षरापर्यंत आलो." ज्या शिष्यावर मी रागावलो होतो तोच आता चिठ्ठ्या लावतो. पेटी पत्र्याची घेतली आहे. वाळवीचा एवढा बंदोबस्त करणे हे आपल्या हाती होते. ते पूर्वीच करावयास हवे होते.

सारांश, वैताग आला असता साधकाने आणि वासनिकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावे : यात सोसण्याचे किती, दाद मागण्याचे किती, आणि मी माझे म्हणून धरून ठेवलेले किती? तिन्हींचा निवाडा झाल्यावाचून घर सोडण्याचा निश्चय करू नये आणि दुसऱ्याला उपदेशही करू नये. माझ्याकडून हा दुसरा दोष घडला, तो एका आईने दूर केला. तिला माझा दंडवत प्रणाम.